अपग्रेडनंतर कॅमेरे दिसतात, पण रेकॉर्डिंग सापडत नाही: घरच्या सीसीटीव्हीची क्रमवार तपासणी

टीव्हीवर चारही कॅमेरे स्वच्छ दिसतात, मोबाइलवर लाइव्ह चालतं, आणि गरज पडल्यावर मागचं पाहायला गेलं की कॅलेंडर कोरं. "कॅमेरा चालू शे, पन रेकॉर्डिंग नही" ही तक्रार जळगाव-धुळे पट्ट्यात कॅमेरे बसवणाऱ्यांना पाठ झालेली असते. अ‍ॅपने "नवं फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) आलं आहे" म्हटलं, घरातल्या कुणीतरी अपडेट दाबलं, यंत्र (डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारा डबा) एकदा बंद होऊन चालू झालं, चित्र परत आलं आणि सगळे निश्चिंत झाले. बिघाड कळतो तो थेट महिन्याभराने.

लाइव्ह चित्र आणि रेकॉर्डिंग ही एकाच यंत्रातली दोन वेगळी कामं आहेत. चित्राला कॅमेरा, वायर आणि पडदा पुरतो. रेकॉर्डिंगला घड्याळ, डिस्क आणि वेळापत्रक हे तिघेही ठीक लागतात, आणि त्यांतला एखादा रुसला तरी पडद्यावर काही कळत नाही.

दुसरी गोष्ट, दोष दर वेळी नव्या सॉफ्टवेअरचा नसतो. अपग्रेडमध्ये यंत्र रीस्टार्ट होतं. तीन वर्षं अखंड फिरणारी डिस्क, संपलेला सेल, दमलेला अडॅप्टर हे सगळे उघडे पडतात ते या रीस्टार्टला. म्हणून तपासताना दोन प्रश्न वेगळे ठेवा: अपग्रेडने काय बदललं, आणि रीस्टार्टने काय उघडं पाडलं? जुनं व्हर्जन परत टाकल्याने दुसऱ्या प्रकारचा एकही बिघाड जात नाही. तरी बहुतेक जण पहिल्यांदा तेच करतात.

आधी हात आवरा

अपग्रेडनंतर पडद्यावर "डिस्क इनिशिअलाइज करा" किंवा "फॉरमॅट करा" असा चौकोन आला तर लगेच "यस" म्हणू नका. जुनं रेकॉर्डिंग बऱ्याचदा डिस्कवर शाबूत असतं, फक्त यंत्राला ते दिसत नसतं. एकदा फॉरमॅट होऊन नवं रेकॉर्डिंग त्यावर चढायला लागलं की विषय संपला. डिस्क काढून संगणकाला जोडली तर विंडोजही "फॉरमॅट करायची का?" विचारतं, कारण बहुतेक डीव्हीआरची फाइल मांडणी कंपनीची स्वतःची असते आणि विंडोजला ती वाचता येत नाही. तिथेही उत्तर "नाही".

चोरी, अपघात किंवा भांडणाचं फुटेज हवं असेल तर यंत्र बंद करून डिस्क बाजूला काढा आणि दुरुस्तीची खटपट दुसऱ्या डिस्कवर करा. तसं काही नसेल तर मोबाइलने तीन पडद्यांचे फोटो काढून ठेवा: सिस्टिम माहितीचा (मॉडेल, व्हर्जन, बिल्डची तारीख), डिस्कच्या स्थितीचा आणि रेकॉर्डिंगच्या वेळापत्रकाचा. पुढे कंपनीच्या मदत केंद्राला किंवा फिटरला हेच लागणार आहे.

शेवटचं रेकॉर्डिंग कधीचं?

कुठलीही सेटिंग उघडण्याआधी या एका प्रश्नाचं उत्तर काढा. अर्धं निदान इथेच होतं. यंत्रालाच माउस जोडा, प्लेबॅकमध्ये जा, कॅलेंडर उघडा. मोबाइल अ‍ॅपवर विसंबू नका. अ‍ॅपमध्ये क्लाउड आणि डिव्हाइस असे दोन वेगळे कप्पे असतात आणि अपडेटनंतर अ‍ॅप भलताच कप्पा उघडून "काही नाही" म्हणू शकतं. रेकॉर्डिंग असलेल्या तारखांवर खूण असते. मागच्या महिन्यापर्यंत जाऊन पाहा.

रेकॉर्डिंग अपग्रेडच्या मिनिटालाच तुटलेलं दिसलं तर वेळापत्रक, रेकॉर्ड मोड किंवा डिस्क न ओळखणं यांपैकी एक. तीच वेळ सर्वांत जास्त सापडते.

अपग्रेडच्या कितीतरी आधी तुटलं असेल तर अपग्रेड निर्दोष आहे. डिस्क बहुधा आधीच गेली होती, लक्षात आता आलं.

अपग्रेडनंतर काही दिवस व्यवस्थित चाललं आणि मग थांबलं, तर बहुधा डिस्क भरली आणि "ओव्हरराइट" (जुनं पुसून त्यावर नवं लिहिणं) बंद आहे. ही सेटिंग काही यंत्रांत डिफॉल्टला (कंपनीच्या मूळ स्थितीला) गेल्यावर बदलते. डिस्कच्या किंवा सामान्य सेटिंगच्या पानावर "डिस्क भरल्यावर: थांबा / ओव्हरराइट" असा पर्याय असतो, तो ओव्हरराइटवर आणा.

दिवसा आहे आणि रात्री नाही, असं असेल तर सॉफ्टवेअर सोडा आणि वीज पाहा. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तो दिवसापेक्षा बराच जास्त करंट ओढतो. बारा व्होल्टचा सप्लाय जुना असला किंवा वायर लांब आणि पातळ असली की कॅमेऱ्यापाशी व्होल्टेज पडतं, कॅमेरा बंद-चालू होत राहतो. मल्टिमीटर रात्रीच, दिवे लागलेले असताना, कॅमेऱ्याच्या टोकाला लावा. सप्लायपाशी १२ दिसून काही कळत नाही. टोकाला ११ च्या खाली दिसलं तर सप्लाय बदला किंवा त्या कॅमेऱ्याला जवळून वेगळा अडॅप्टर द्या. चार कॅमेऱ्यांना ५ अँपियरचा आणि आठांना १० अँपियरचा सप्लाय लावायची रीत आहे, ती पाळलेली बरी.

रेकॉर्डिंग तुकड्यातुकड्यांत असेल तर दोन शक्यता: मोशनवर (हालचाल दिसली तरच रेकॉर्ड) टाकलं गेलंय, किंवा वीज खरोखरच जाते-येते. प्लेबॅकच्या पट्टीतले खंड आणि गावातल्या भारनियमनाच्या वेळा शेजारी ठेवल्या की लगेच कळतं. शेतातल्या घराचं किंवा गोठ्याचं कनेक्शन शेतीच्या फीडरवर असेल तर फीडरची पाळी बदलली की रेकॉर्डिंगचे तासही बदललेले दिसतील.

आणि सगळ्या तारखा कोऱ्या असतील, तर पुढचा भाग आधी वाचा.

घड्याळ

डीव्हीआरच्या बोर्डावर नाण्यासारखा एक सेल असतो, बहुधा सीआर-२०३२, ३ व्होल्टचा. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणं एवढंच त्याचं काम. तो संपला तरी यंत्र चालू असेपर्यंत काही बिघडत नाही. अपग्रेडच्या वेळी यंत्राची वीज तुटली की घड्याळ मागे जाऊन पडतं, कधी १९७० तर कधी २००० सालात. रेकॉर्डिंग चालूच असतं, पण ते १ जानेवारी २००० च्या पानावर जमा होत असतं आणि तुम्ही चालू महिना उघडून शोधत बसता. तेव्हा "गायब" म्हणण्याआधी कॅलेंडर एकदा २००० आणि १९७० सालापर्यंत मागे नेऊन पाहा.

उलट प्रकार जास्त महागात पडतो. घड्याळ पुढे गेलं आणि यंत्रात "इतक्या दिवसांनंतर फुटेज काढून टाका" अशी मुदत लावलेली असेल, तर सगळं जुनं फुटेज एकदम मुदतबाह्य ठरून पुसलं जातं. म्हणून बाकी कशालाही हात लावायच्या आधी घड्याळ लावायचं.

टाइमझोन जीएमटी +०५:३० ठेवा. काही यंत्रं डिफॉल्टला जाऊन चीनच्या +०८:०० वर बसतात, मग प्रत्येक घटना अडीच तास सरकलेली दिसते. डेलाइट सेव्हिंग बंद ठेवा, भारतात ते नाही. तारखेची मांडणी दिवस-महिना-वर्ष करा. महिना आधी असेल तर ५ एप्रिल आणि ४ मे यांचा घोळ होतो. इंटरनेट असेल तर एनटीपी (इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवायची सोय) चालू करा आणि सर्व्हर म्हणून पूल.एनटीपी.ऑर्ग किंवा टाइम.गूगल.कॉम टाका. इंटरनेट नसलेल्या ठिकाणी सेलच आधार.

सेल बदलताना प्लग काढा, झाकण उघडा, जुना सेल नखाने उचला आणि नवा अधिकची बाजू वर ठेवून बसवा. मल्टिमीटरवर जुना २.८ व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर तो गेलाच समजा. काही बोर्डांवर सेल डाखलेला असतो, ते काम दुकानात द्या.

डिस्क

डिस्कच्या पानावर दिसणारे शब्द कंपनीगणिक थोडे बदलतात, अर्थ तेच. "नॉर्मल" म्हणजे ठीक. "अनइनिशिअलाइज्ड" किंवा "अनफॉरमॅटेड" म्हणजे डिस्क दिसते पण तिची मांडणी यंत्राला ओळखता येत नाही. "रीड ओन्ली" म्हणजे वाचायची परवानगी आहे, लिहायची नाही; अशी डिस्क प्लेबॅकला जुनं सगळं दाखवते आणि नवं काहीच घेत नाही, त्यामुळे हमखास फसवते. "एरर" किंवा "अबनॉर्मल" म्हणजे आजारी. आणि यादीच रिकामी असेल तर डिस्कला वीज किंवा केबल नीट पोचत नाही.

रिकाम्या यादीत आधी कान लावा. यंत्र चालू करताना डिस्कचा हळूहळू चढणारा घुरघुर आवाज यायला हवा. तो अजिबात नसेल किंवा "टिक… टिक…" होऊन थांबत असेल, तर लगेच डिस्क मेली म्हणू नका. साडेतीन इंची डिस्कला फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टवर साधारण दीड ते दोन अँपियर लागतात. एकदा फिरू लागली की त्याच्या पाव भागात भागतं. डीव्हीआरचा अडॅप्टर बहुधा २ अँपियरचाच असतो. जुना अडॅप्टर फिरती डिस्क वर्षानुवर्षं सांभाळतो, पण थांबलेली परत उचलू शकत नाही. त्याच व्होल्टचा, २ ते ३ अँपियरचा चांगला अडॅप्टर लावून पाहा. काही ठिकाणी डिस्कचा खर्च वाचतो. मग साटा केबल (डिस्कला बोर्डाशी जोडणारी) काढून घट्ट बसवा, शक्य असेल तर बदला.

डिस्क दिसते पण संशय आहे, तर "स्मार्ट" अहवाल (डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद) उघडा. तो डिस्कच्याच पानावर असतो. चार ओळी पाहायच्या. क्रमांक ५, म्हणजे खराब होऊन बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे). १९७, म्हणजे खराबीच्या संशयातले सेक्टर. १९८, म्हणजे दुरुस्त न होणारे. या तिघांच्या शेवटच्या रकान्यात शून्य हवं. आकडा दर आठवड्याला वाढत असेल तर डिस्क बदला, फॉरमॅट करून उपयोग नाही. १९९ वाढत असेल तर दोष केबलचा. काही कंपन्यांच्या डिस्कमध्ये पहिल्या आणि सातव्या ओळीत अवाढव्य आकडे दिसतात, त्यांनी घाबरू नका, ते तसेच असतात.

"अनइनिशिअलाइज्ड" आलं आणि जुनं फुटेज हवं आहे, तर डिस्क त्याच कंपनीच्या, जुन्या व्हर्जनच्या दुसऱ्या यंत्रात लावून पाहा. ओळखीच्या फिटरकडे किंवा दुकानात असं यंत्र असतं. तिथे वाचता आली की पेनड्राइव्हवर घ्या. पेनड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेला असावा. एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी जात नाही, म्हणून तासातासाचे तुकडे करा.

उन्हाचं काय? आपल्याकडे त्याला वगळून चालत नाही. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ ला टेकतो. डीव्हीआरच्या कागदावर आजूबाजूच्या हवेची मर्यादा साधारण ५५ अंशांपर्यंत आणि डिस्कची स्वतःची ६० ते ६५ पर्यंत लिहिलेली असते. आता यंत्र कुठे ठेवलंय ते पाहा: पत्र्याच्या माळ्यावर, टीव्हीच्या बंद कपाटात, वर सेट-टॉप बॉक्स आणि शेजारी इन्व्हर्टर. स्मार्ट अहवालात तापमानाची ओळ (१९४) दुपारी तीन वाजता वाचा. ५५ च्या वर असेल तर जागा बदला, चारही बाजूंनी चार बोटं मोकळी ठेवा, छोटा पंखा लावा. कापसाच्या हंगामात जिनिंगजवळच्या घरांत पंख्याच्या जाळीवर पेळूसारखा थर बसतो. यंत्र बंद करून, पंख्याचं पातं बोटाने धरून ब्लोअर मारा.

वेळापत्रक आणि मोड

अपग्रेडचा स्वतःचा असा सर्वांत नेहमीचा बिघाड इथे असतो, कारण नवं व्हर्जन काही सेटिंग कंपनीच्या मूळ स्थितीला नेऊन ठेवतं.

इथे दोन वेगळ्या कळा आहेत आणि दोन्ही चालू लागतात. एक म्हणजे आठवड्याचं वेळापत्रक: सात ओळी, चोवीस रकाने, रंगीत पट्ट्या. दुसरी रेकॉर्ड मोड: ऑटो, मॅन्युअल, बंद. वेळापत्रक पूर्ण रंगलेलं असून मोड "बंद"वर असेल तर काहीही लिहिलं जात नाही. मोड प्रत्येक चॅनेलचा वेगळा असतो, शिवाय मुख्य स्ट्रीम (पूर्ण दर्जाचं चित्र) आणि सब स्ट्रीमचाही (हलक्या दर्जाचं चित्र) वेगळा. सगळे "ऑटो" करा.

१. वेळापत्रकाचं पान उघडा, चॅनेल १ निवडा.
२. "सतत" हा प्रकार निवडून सोमवार ते रविवार ०० ते २४ पट्टी ओढा. कुठल्या रंगाला काय म्हणायचं हे कंपनीगणिक वेगळं, म्हणून रंगावर न जाता खालची सूची वाचा.
३. "हॉलिडे" नावाची आठवी ओळ असेल तर तीही भरा. ती रिकामी राहून सुट्टीच्या दिवशीच रेकॉर्डिंग नसण्याचा प्रकार घडतो.
४. "कॉपी" दाबून बाकी चॅनेलवर उतरवा.
५. "अप्लाय" किंवा "सेव्ह". माउसचं उजवं बटण दाबून बाहेर पडलात तर काही यंत्रं न विचारता सगळं विसरतात.

मोशनवरच ठेवायचं असेल तर तीन ठिकाणी पाहा. हालचाल टिपायची जाळी पुसली गेली आहे का? संवेदनशीलता शून्याजवळ गेली आहे का? आणि नव्या व्हर्जनने "फक्त माणूस किंवा वाहन" ही गाळणी लावली आहे का? ही तिसरी सोय शहरात चांगली, पावसाने आणि पानांनी होणाऱ्या खोट्या सूचना थांबतात. पण गोठ्यात किंवा केळीच्या बागेत कॅमेरा गुरं-डुकरं दिसावीत म्हणूनच लावलेला असतो, आणि या गाळणीत ती टिपलीच जात नाहीत. आमचं मत विचाराल तर दरवाजा आणि ओटा या दोन कॅमेऱ्यांना कधीही मोशनवर ठेवू नये. डिस्क स्वस्त पडते.

"पूर्वी अकरा दिवस मिळायचं, आता पाचच"

हा रेकॉर्डिंगचा बिघाड नव्हे, हिशोबाचा आहे. बिटरेट म्हणजे दर सेकंदाला लिहिली जाणारी माहिती; एक एमबीपीएस बिटरेटने दिवसभर रेकॉर्ड केलं तर १०.८ जीबी जागा लागते. एवढा एक आकडा लक्षात ठेवला की पुरे.

दोन मेगापिक्सेलचे चार कॅमेरे, एच.२६५ (चित्र दाबून कमी जागेत साठवायची पद्धत, एच.२६४ ही तिच्या आधीची), प्रत्येकी २ एमबीपीएस: एकूण ८, म्हणजे दिवसाला ८६.४ जीबी. १ टीबीच्या डिस्कवर अकरा दिवस. अपग्रेडने एन्कोडिंग एच.२६४ वर आणि बिटरेट ४ वर नेला तर तेच १७२.८ जीबी, आणि डिस्क साडेपाच दिवसांत भरते. एन्कोडिंगच्या पानावर परत एच.२६५ करा, बिटरेट २ एमबीपीएस, फ्रेम (सेकंदाला चित्रं) १५. घरासाठी १५ फ्रेम भरपूर.

उलट दिशेनेही घोटाळा होतो. पूर्वी एच.२६४ होतं, आता एच.२६५ झालं, आणि पेनड्राइव्हवर घेतलेली फाइल जुन्या लॅपटॉपवर काळी दिसते किंवा नुसता आवाज येतो. रेकॉर्डिंग उत्तम असतं, प्लेअरला ते उलगडता येत नसतं. व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये उघडा. एच.२६५ ला "प्लस" जोडलेले प्रकार कंपनीचे खासगी असतात. कॅमेरा एका कंपनीचा आणि रेकॉर्डर दुसरीचा असेल तर तो "प्लस" बंदच ठेवा.

आयपी कॅमेरे आणि एनव्हीआर

आयपी कॅमेरे नेटवर्कवरून चालतात. इथे रेकॉर्डर (एनव्हीआर) कॅमेऱ्याकडे लॉगिन करून चित्र मागतो, म्हणून लॉगिन हा नवा दुवा. कॅमेऱ्याचं फर्मवेअर बदललं की जुना सोपा पासवर्ड नाकारला जाऊ शकतो किंवा ऑनव्हिफ (वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे आणि रेकॉर्डर जोडायची सामायिक पद्धत) बंद होऊन त्यासाठी वेगळा वापरकर्ता बनवावा लागतो. ब्राउझरमधून थेट कॅमेऱ्यात शिरा, ऑनव्हिफ चालू करा, वापरकर्ता बनवा, मग एनव्हीआरमध्ये तोच टाका. आरटीएसपीचा (कॅमेऱ्यातून चित्र पाठवायच्या पद्धतीचा) पोर्ट सहसा ५५४. तो बदलला नाही ना ते पाहा.

दोन सापळे आहेत. पहिला: एनव्हीआर जुन्या पासवर्डने दर काही सेकंदांनी दार ठोठावत राहतो, म्हणून कॅमेरा ते खातं काही काळ कुलूपबंद करतो. आता तुम्ही बरोबर पासवर्ड टाकला तरी "चूक" येतं. एनव्हीआरची नेटवर्क वायर काढा, कॅमेरा रीस्टार्ट करा, अर्धा तास थांबा, मग टाका. दुसरा: ऑनव्हिफच्या लॉगिनमध्ये वेळेचा शिक्का असतो. कॅमेरा आणि रेकॉर्डर यांच्या घड्याळांत मोठं अंतर असेल तर योग्य पासवर्डही फेटाळला जातो. घड्याळ पुन्हा आलंच.

राउटर रीस्टार्ट झाल्याने आयपी पत्ते बदलणं हेही नेहमीचं. कॅमेऱ्यांना स्थिर पत्ते द्या किंवा राउटरमध्ये पत्ते राखून ठेवा.

मेमरी कार्डवाले वायफाय कॅमेरे

फर्मवेअरनंतर कार्ड "असामान्य" दाखवत असेल तर आधी ते काढून संगणकात लावा आणि हव्या त्या फाइली उतरवून घ्या, मग कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट-३२, त्यावरची एक्सफॅट. कॅमेऱ्याची कमाल मर्यादा त्याच्या कागदावर असते. कार्ड "हाय एंड्युरन्स" (सतत लिहिणं सोसणारं) लिहिलेलं घ्या. बाजारात बनावट कार्डं मुबलक आहेत: वर २५६ लिहिलेलं, आत ३२. ती भरेपर्यंत चालतात आणि मग जुन्यावरच नवं लिहीत फाइली नासवतात. संगणकावर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू हे मोफत साधन कार्ड पूर्ण लिहून परत वाचतं आणि खरी क्षमता सांगतं.

संगणकावरचं सॉफ्टवेअर

ब्लू आयरिस, एजंट डीव्हीआर, झोनमाइंडर, फ्रिगेट या संगणकालाच रेकॉर्डर बनवणाऱ्या प्रोग्रामांपैकी काही वापरत असाल तर तुम्हाला लॉग वाचता येतो असं धरून चालतो. अपग्रेडनंतर पाहायचं ते आधी एकच: रेकॉर्डिंग ज्या जागी लिहायचं ती जागा आहे का आणि तिथे लिहिता येतं का?

विंडोजवर ड्राइव्हचं अक्षर बदललेलं असतं, किंवा प्रोग्राम आता सर्व्हिस म्हणून चालतो आणि त्या सर्व्हिसला नेटवर्कवरच्या फोल्डरची परवानगी नसते. डिफेंडरमधलं "कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस" चालू असेल तर नव्या आवृत्तीची फाइल त्याला अनोळखी वाटून लिहिणं अडवलं जाऊ शकतं. लिनक्सवर रीस्टार्टनंतर मोठी डिस्क माउंट झालीच नाही, तर सॉफ्टवेअर बिनदिक्कत त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या छोट्या डिस्कवर लिहीत सुटतं आणि एका रात्रीत ती भरून सगळंच बंद पाडतं.

झोनमाइंडरमध्ये १.३६ पर्यंत मॉनिटरला "मोडेक्ट", "रेकॉर्ड", "मोकॉर्ड" असा एकच पर्याय असे. १.३७ च्या मालिकेपासून त्याचे कॅप्चरिंग, अ‍ॅनालायझिंग, रेकॉर्डिंग असे तीन वेगळे पर्याय झाले. प्रत्येक मॉनिटर उघडून तिन्ही पाहा. डेटाबेस अपडेट अर्धवट राहिलं असेल तर लॉगमध्ये रकाना न सापडल्याच्या ओळी दिसतात. "पर्ज व्हेन फुल" हे फिल्टर चालू आहे का तेही पाहा. ते बंद असलं की डिस्क भरून थांबते.

फ्रिगेटमध्ये ०.१४ ला रेकॉर्डिंगखालचा "इव्हेंट्स" हा भाग जाऊन "अलर्ट्स" आणि "डिटेक्शन्स" आले. कॉन्फिग फाइल आपोआप बदलली जाते, पण ती फक्त-वाचण्यासाठी म्हणून जोडलेली असेल तर बदल होतच नाही. इनपुटला "रेकॉर्ड" ही भूमिका दिलेली आहे ना, ते बघा. कॅमेऱ्याचा आवाज जी.७११ प्रकारचा असेल तर तो एमपी-४ मध्ये बसत नाही आणि तुकडेच तयार होत नाहीत. कॅमेऱ्यात आवाज एएसी करा, किंवा फ्रिगेटमध्ये आवाजाचं एएसीत रूपांतर करणारा प्रीसेट लावा. डॉकरची सामायिक मेमरी मूळची ६४ एमबी असते, कॅमेरे वाढले की ती अपुरी पडते.

झालं का, ते कसं ठरवायचं

पडद्याच्या कोपऱ्यातला लाल ठिपका हा पुरावा नाही. दिवसा प्रत्येक कॅमेऱ्यासमोरून चाला, पाच मिनिटांनी प्लेबॅकमध्ये स्वतःला शोधा, तो तुकडा पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर चालवा. रात्री अंगणातला दिवा बंद करून हेच पुन्हा. मग मेन स्विच बंद करा, दहा मिनिटं थांबा, चालू करा, आणि तारीख, डिस्क, रेकॉर्डिंग तिन्ही आपोआप परत आलं का बघा. ही शेवटची चाचणी वगळली तर पहिल्या भारनियमनात पहिलेच पाढे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घर बंद करून माहेरी किंवा गावी जायच्या आदल्या दिवशी ही चाचणी करू नका. चार दिवस हाताशी ठेवा, म्हणजे अडॅप्टर किंवा डिस्क आणायची वेळ आली तर बाजार उघडा मिळेल.

डिस्क नसणं, डिस्क भरणं आणि डिस्कची चूक या तिन्हींसाठी यंत्रात भोंगा असतो. अपग्रेडनंतर तो बहुधा बंद असतो. "एक्सेप्शन" नावाच्या पानावर तिन्ही चालू करा, जमल्यास मोबाइल सूचनाही.

एवढं करूनही एखादा दोष फक्त नव्या व्हर्जनलाच येत असेल तर जुनं टाकायचा विचार करा. मॉडेल आणि बोर्डाचा हार्डवेअर क्रमांक दोन्ही अक्षर न् अक्षर जुळल्याशिवाय फाइल चढवू नका. नाव सारखं दिसलं म्हणून चढवलेल्या फर्मवेअरने यंत्र कायमचं बंद पडू शकतं. काही कंपन्या मागे जाऊच देत नाहीत. फाइल चढत असताना वीज गेली तरी तेच, तेव्हा यंत्र यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर घ्या आणि भारनियमनाची वेळ टाळा. चढवण्याआधी सेटिंगची फाइल पेनड्राइव्हवर काढून ठेवा, आणि ती वेगळ्या व्हर्जनवर परत न चढण्याची शक्यता धरून एन्कोडिंग, वेळापत्रक, नेटवर्क या पानांचे फोटोही जवळ असू द्या.